मुलग्यासाठी सोयायुक्त दूध-पावडर निवडताना

डबा फिरवून घटकांची यादी वाचावी; तेथे बारीक अक्षरांत ‘सोया प्रोटीन आयसोलेट’ (सोयाबीनमधून वेगळे काढलेले प्रथिन) छापलेले असेल, तर त्या दुधातून जेनिस्टीन व डेडझीन ही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी वनस्पतिजन्य द्रव्ये बाळाच्या पोटात जातात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तात्पुरते वाढते आणि त्याच काळात वृषणांची जडणघडण चालू असते, म्हणून या द्रव्यांचा त्यावर परिणाम होईल का, ही पालकांची काळजी योग्यच आहे. २००२ मध्ये मार्मोसेट माकडांच्या जुळ्या नर पिलांपैकी सोयादूध (अशा सोयायुक्त पावडरचे दूध) पिणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. मात्र २००१ च्या अमेरिकी पाहणीत सोयादुधावर वाढलेल्या तरुणांत प्रजननाचा ठळक दोष दिसला नव्हता. गॅलॅक्टोसेमिया (दुधातील साखर शरीराला नीट वापरता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्या बाळाचे सोयादूध भीतीपोटी कधीही बंद करू नये, कारण त्याला लॅक्टोज ही दुधातील साखर घातक ठरते. इतर बाळ केवळ रडते म्हणून मात्र सोयादूध सुरू करू नये, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये.