तूप अंगी लागत नाही? जीन टेस्टचे पैसे भरायच्या आधी हे करा

आमच्याकडे इंदूरला पोर बारीक दिसलं की सल्ला ठरलेला, तूप वाढवा. माझ्या भाच्याला माझ्या आईनी वर्षभर तेच केलं, वरणभातावर तूप, पोळीवर तूप, आणि पोर होतं तसंच, वर पोट फुगलेलं. शेवटी ताईनी ऑनलाइन तो थुंकीवाला डीएनए किट मागवला, रिपोर्टात काय तर "तुम्हाला लो फॅट डाएट सूट होईल". पैसे गेले पाण्यात. म्हणून तपासण्यांचा क्रम लिहितेय.

आधी शी बघा, लाजू नका. फिकट, खूप घाण वास, फ्लश केलं तरी भांड्याला चिकटते, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर फॅट शोषलं जात नाहीये असं धरून डॉक्टरांकडे जा. शीमधलं फॅट लॅबमध्ये तपासता येतं.

मग सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची ब्लड टेस्ट, तिचं नाव टीटीजी आयजीए. ती करायच्या आधी गहू बंद करू नका हं, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, आणि घरचे उत्साही लोक नेमकं हेच करतात. डीएनए रिपोर्टात एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ (सिलिॲकशी जोडलेले जीनचे प्रकार) पॉझिटिव्ह आलं म्हणून रडायचं कारण नाही, ३० ते ४० टक्के लोकांत ते असतं, आजार साधारण १ टक्क्याला होतो. दोन्ही निगेटिव्ह असतील तर मात्र सिलिॲक जवळजवळ बाद.

आता खरी गंमत लिपिड प्रोफाइलची, म्हणजे रक्तातल्या फॅटच्या तपासणीची. कोलेस्टेरॉल ४० आलं की सगळे म्हणतात वा, छान! मोठ्यांच्या रिपोर्टात आपण आकडा जास्त तर नाही ना एवढंच बघतो ना. पण बारीक, जुलाब होणाऱ्या पोराचा आकडा इतका खाली म्हणजे धोक्याची घंटा. होतं असं की आतड्याच्या पेशीत फॅट पोचतं, तिथे त्याचं पार्सल बांधावं लागतं, कायलोमायक्रॉन म्हणतात त्याला. एपीओबी हे प्रोटीन म्हणजे त्याचं खोकं, एमटीटीपी त्यात माल भरतं आणि एसएआर१बी भरलेलं पार्सल पेशीत पुढे पाठवतं. यातल्या कुठल्याही एकाच्या जीनच्या दोन्ही प्रती (आईची आणि बाबांची) बिघडल्या की माल पेशीतच अडकतो.

कुठलं बिघडलंय याचा अंदाज स्वस्तात हवा असेल तर आईबाबांचंही लिपिड प्रोफाइल करा. दोघांचं एलडीएल (त्यातलं "वाईट" कोलेस्टेरॉल) नॉर्मलच्या निम्म्याहून कमी असेल तर संशय एपीओबीवर, दोघांचं नॉर्मल असेल तर एमटीटीपी किंवा एसएआर१बी. मग जीन टेस्ट, तीही डॉक्टरांनी लिहून दिलेली, किट नाही. आईबाबा दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडे त्याच जीनची एकेक बिघडलेली प्रत असली, तर मुलाला आजार होण्याची प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, पहिलं मूल ठणठणीत असलं तरी पुढच्या वेळीही तेवढीच. मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, लपवण्यात अर्थ नाही.

हे पार्सल अडकण्याचे आजार फार दुर्मिळ आहेत, पण निघालाच तर व्हिटॅमिन ई कधी चुकवू नका, डोस डॉक्टर ठरवतील, कारण नाहीतर हळूहळू डोळे आणि नसा जातात. आणि कोणी म्हणालं खोबरेल तेल म्हणजेच एमसीटी (पार्सल न बांधता थेट शोषलं जाणारं फॅट) तर ऐकू नका, त्यात निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि ते बरंचसं त्याच पार्सलच्या रस्त्यानी जातं.

आमच्या भाच्याचं? गहूच निघाला. आता सकाळचे पोहे चालू, जिलबी बंद, शेव कुठल्या कढईत तळलीय ते विचारून. सगळं सुधारत होतं आणि तरी मधूनच पोट बिघडायचं, तेव्हा आईच्या मिसळणाच्या डब्यातला बांधानी हिंग सापडला, त्यात अनेकदा गव्हाचं पीठ असतं.