सीमाभागातल्या घराने ओटीटीचा खर्च कसा आवरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरात टीव्ही एकच असतो, पण बघायच्या भाषा तीन. आजीला मराठी मालिका चुकवायची नसते, मुलं शाळेत कन्नड शिकतात म्हणून कन्नड रिॲलिटी शो लागतो, हिंदी सिनेमा आणि क्रिकेट तर सगळ्यांचंच. ‘कोणतं ओटीटी (इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारं ॲप) घ्यावं’ यावर पुण्या-मुंबईकडून आलेल्या सल्ल्यात कन्नड नसतं, बेंगळुरूकडून आलेल्या सल्ल्यात मराठी नसतं. त्यामुळे हा हिशेब आपला आपणच मांडायला हवा, आणि नीट मांडला तर तो वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो.

आधी आठवडाभर वहीत लिहा

नवीन ॲप घ्यायच्या किंवा जुनं बंद करायच्या आधी सात दिवस टीव्हीजवळ एक वही ठेवा. काय पाहिलं, कोणी पाहिलं आणि ते मुळात कोणत्या वाहिनीचं, एवढंच लिहायचं. ॲपचं नाव शेवटी. आपण लक्षात ठेवतो ॲप, पण मालिकेचे हक्क असतात वाहिनीच्या मालकाकडे, आणि ॲपं वाटली गेली आहेत ती मालकांप्रमाणे. वाहिनी कळली की ॲप आपोआप कळतं.

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी पूर्वी दोन वेगळ्या ॲपवर असायचे. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, आणि ही दोन्ही एकाच ठिकाणी आली. त्याच ॲपवर कलर्स कन्नड आणि स्टार सुवर्णाही आहेत. आयपीएलही तिथेच. झी मराठी, झी युवा आणि झी कन्नड झी-५ वर मिळतात. सोनी मराठी सोनी लिव्हवर. सन मराठी आणि उदया टीव्ही सन नेक्स्टवर.

म्हणजे वाहिन्यांचा मालक एक आणि भाषा दोन, ही गोष्ट सीमाभागातल्या घराच्या फायद्याची आहे. रोजच्या मराठी आणि कन्नड मालिकांसाठी बहुतेक घरांना जिओहॉटस्टार आणि झी-५ ही दोनच ॲपं पुरतात. तिसरं ॲप रोजचं म्हणून ठेवायचं असेल तर त्यासाठी वहीत कमीत कमी चार दिवसांची नोंद हवी.

झी-५ घेताना एक चूक हमखास होते. तिथे एकेका भाषेचा स्वस्त पॅक मिळतो आणि सगळ्या भाषांचा वेगळा. नुसता मराठी पॅक घेतला की झी कन्नडच्या मालिकेवर कुलूप दिसतं, मग कोणीतरी घाईत कन्नड पॅकही घेतो. दोन भाषा लागणाऱ्या घराने दोन पॅकची बेरीज आणि सगळ्या भाषांच्या पॅकची किंमत शेजारी शेजारी लिहूनच पैसे भरावेत. आणि ॲप उघडल्यावर पहिल्या पानावर सगळं कन्नडच दिसतंय म्हणून ‘इथे मराठी नाहीच’ असं समजू नका. सेटिंगमध्ये कंटेंटची भाषा निवडायची सोय असते, तिथे मराठीवर खूण करा.

मालिका घरच्या केबलवर किंवा डिशवर लागतच असेल, तर त्याच मालिकेसाठी ॲपचे पैसे भरणं म्हणजे दोनदा भरणं. चुकलेला भाग बघायला ॲप हवं असेल तर गोष्ट वेगळी. दूरदर्शनच्या मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना या दोन्ही सरकारी वाहिन्या डीडी फ्री डिशवर महिन्याचा एक पैसा न देता दिसतात, आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं २०२४ साली आलेलं वेव्हज ॲपही बरंचसं मोफत आहे.

बाकीची ॲपं पाळीपाळीने

वेब सिरीज आणि सिनेमांची ॲपं वर्षभर चालू ठेवायची गरज नसते. नेटफ्लिक्सचे भारतातले दर डिसेंबर २०२१ मध्ये उतरले: फक्त मोबाइलसाठी १४९ रुपये, एका स्क्रीनवर ७२०पी १९९, दोन स्क्रीनवर १०८०पी ४९९ आणि चार स्क्रीनवर फोरके ६४९, महिन्याला (७२०पी, १०८०पी, फोरके अशा चढत्या क्रमाने चित्र जास्त स्पष्ट). ४९९ चा प्लॅन वर्षभर ठेवला तर ५,९८८ रुपये जातात. दिवाळीच्या सुट्टीत एक महिना आणि मे महिन्यात एक महिना घेतला तर ९९८ मध्ये भागतं, आणि मधल्या काळात साठलेल्या सगळ्या सिरीज सलग बघता येतात.

ॲमेझॉन प्राइमचा हिशेब थोडा वेगळा आहे. महिन्याला २९९, तीन महिन्यांना ५९९, वर्षाला १,४९९. तिमाही दोनदा आणि एक सुटा महिना मिळून सात महिन्यांचे १,४९७ होतात. म्हणून सात महिन्यांपर्यंत तुकड्यांनी घ्या, आठवा महिना लागणार असेल तर थेट वर्षाचं घ्या. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती येतात. त्या नको असतील तर वर वेगळे पैसे पडतात. जिओहॉटस्टारच्या महागड्या प्लॅनमध्येही थेट सामन्यात जाहिराती असतातच, त्यामुळे फक्त क्रिकेटसाठी जाहिरातमुक्त प्लॅन घेण्यात अर्थ नाही.

एखादाच सिनेमा हवा असेल तर तो कुठे आहे हे आधी जस्टवॉचवर (कोणता सिनेमा कोणत्या ॲपवर ते सांगणारी वेबसाइट) देश भारत ठेवून शोधा. यूट्यूब किंवा प्राइमवर भाड्याने मिळत असेल तर एकदाच पैसे द्यावे लागतात. साधारणपणे ३० दिवसांत कधीही सुरू करता येतो, पण एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. जुने मराठी सिनेमे निर्मात्यांच्या आणि वितरकांच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर भरपूर आहेत, तेही फुकट. ते तिथे आहेत का हे न बघताच लोक चोरीच्या कॉपीसाठी टेलिग्राम धुंडाळतात.

प्लॅन आणि पडदा जुळतोय का ते बघा

सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात. मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सच्या १४९ च्या प्लॅनमधून टीव्हीवर कास्टही (फोनवरून टीव्हीवर पाठवणं) होत नाही. मग फोनचा पडदाच टीव्हीवर मिरर करून बघतात, तर आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. फोन बिघडलेला नसतो. कॉपी होऊ नये म्हणून व्हिडिओला लावलेलं संरक्षण ते चित्र अडवतं.

दुसरा प्रकार टीव्हीला जोडायच्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सचा. प्लॅन फोरकेचा घेतला तरी चित्र धुरकट, जुन्या कॅसेटसारखं दिसतं. कारण वाइडवाइन नावाच्या संरक्षणाचे स्तर असतात; एल-१ असलेल्या उपकरणावर पूर्ण स्पष्ट चित्र येतं, एल-३ वर बहुतेक ॲपं साधारण ४८०पी च्या वर जात नाहीत. बॉक्स घेताना दुकानातच त्यावर ‘डीआरएम इन्फो’ हे ॲप टाकून स्तर बघा. एल-३ असेल तर महाग प्लॅनचे पैसे वाया जाणार, हे आधीच कळेल.

मोबाइल डेटावर बघणाऱ्यांसाठी अंदाज असा: एचडीला तासाला सुमारे ३ जीबी लागतात, म्हणजे रोजचे दीड जीबी अर्ध्या तासात संपतात. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय निवडला तर एका जीबीत साधारण सहा तास निघतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. तिकडच्यांनी शहरात आल्यावर वायफायवर डाउनलोड करून न्यावं. डाउनलोडलाही मुदत असते, आणि काही कार्यक्रम सुरू केल्यावर ४८ तासांत पुसले जातात. म्हणून सगळे भाग एकदम उघडून बघू नका.

रिचार्जसोबत येणारं ओटीटी

रिचार्जबरोबर मिळणारी सबस्क्रिप्शन तुमच्या नंबरच्या सर्कलवर (सिम ज्या राज्याच्या विभागातलं आहे तो) ठरते, उभे असाल त्या टॉवरवर नाही. एकाच घरात मुलाचं सिम कोल्हापूरचं आणि वडिलांचं बेळगावचं असतं, तेव्हा दोघांना वेगवेगळे प्लॅन दिसू शकतात. दोन्ही नंबर कंपनीच्या ॲपमध्ये टाकून बघा, आणि मिळणारा प्लॅन फक्त मोबाइलचा आहे की टीव्हीचा हे वाचा. बहुतेक वेळा मोबाइलचाच असतो.

पैसे कापले जाणं थांबवायचं असेल तर

ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा गैरसमज फार महागात पडतो. पैसे ॲपमुळे कापले जात नाहीत, तुम्ही दिलेल्या आपोआप वसुलीच्या (ऑटोपे) मंजुरीमुळे कापले जातात. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवणं मात्र बंधनकारक आहे. ती इंग्रजीत येते, बँकेच्या इतर मेसेजमध्ये बुडून जाते. तारीख वहीत लिहून ठेवा आणि दोन दिवस आधी हे करा.

प्रथम ॲपच्या किंवा वेबसाइटच्या खात्यात जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा. पैसे गुगलमार्फत भरले असतील तर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर टॅप करून पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जा, तिथून रद्द करा. मग ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली होती त्यात प्रोफाइल, ऑटोपे असं जाऊन ती मंजुरीही काढा. दोन्ही केल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. रद्द केल्यावरही भरलेली मुदत संपेपर्यंत बहुतेक ॲपं चालू राहतात, त्यामुळे घेतल्या दिवशीच रद्द केलं तरी सहसा नुकसान नाही. एक-दोन रुपयांत ‘ट्रायल’ देणाऱ्या पानावर पिन टाकण्याआधी मंजुरीची कमाल रक्कम आणि ती किती महिन्यांनी कापणार, हे दोनच आकडे वाचा. नेमकं हेच वाचायचं राहतं.

‘फुकट सगळं’ म्हणणारं ॲप

ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातल्या प्रेक्षकांपैकी ५१ टक्के लोक चोरीचा माल बघतात, आणि २०२३ मध्ये हा व्यवहार २२,४०० कोटींचा होता. कारणं त्यातही तीच दिली आहेत: महाग दर, हवं ते न मिळणं, आणि दहा ठिकाणी पैसे भरायचा वैताग. तो वैताग खरा आहे, म्हणूनच वरचा एवढा खटाटोप.

पण व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) त्या वैतागावरचा उपाय नाही. ती टाकताना ‘अनोळखी स्रोत’ चालू करायला लावते. नंतर एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन बघायची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. सिनेमा दाखवायला यातलं काहीच लागत नाही. एसएमएस वाचता आला की ओटीपी वाचता येतो, ॲक्सेसिबिलिटी मिळाली की पडद्यावर तुमच्या वतीने बोट दाबता येतं. टेलिग्रामवर ५० रुपयांत विकली जाणारी ‘प्रीमियम खाती’ही बऱ्याचदा दुसऱ्याची चोरलेली असतात, आणि ती कधीही बंद पडतात.

कायद्याचंही लक्षात ठेवा. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्यात थिएटरमध्ये रेकॉर्डिंग करणं आणि ते पसरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे. फाइल ग्रुपवर पुढे ढकलली की तुम्ही नुसते बघे राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मोलाची आहे. अधिकृत ॲपवर बेळगावातून मराठी सिनेमा पाहिला की कर्नाटकात मराठी प्रेक्षक असल्याची नोंद त्या कंपनीकडे होते. टेलिग्रामवर तोच सिनेमा हजार घरांनी पाहिला तरी ती नोंद कुठेच उमटत नाही. मराठी सिनेमाचं बजेट लहान असतं, अशी एकेक नोंद त्याला लागते.

चुकून एपीके टाकली गेली असेल तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधून त्या ॲपचा अधिकार काढा, मगच ते अनइन्स्टॉल होईल. आधी केलं तर बटण दाबलंच जात नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड थांबवा, पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. शेवटी फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि नंतर व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घेतल्यावर ती फाइल चॅटमध्ये पुन्हा येईल, ती उघडू नका, तिथूनच पुसा.