बगची तक्रार अशी लिहा, की 'आमच्याकडे होत नाही' म्हणता येणार नाही

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, आणि लोकांच्या तक्रारी वाचणं हे माझं रोजचं काम. बऱ्याचशा एका ओळीच्या असतात: 'ॲप चालत नाही', 'सगळा फॉर्म उडाला', 'काय भंगार बनवलंय'. राग रास्तच असतो. पण पुढे काय होतं ते सांगते. डेव्हलपर आपल्या मशीनवर तोच फॉर्म भरतो, तो व्यवस्थित सबमिट होतो, आणि तक्रारीवर शेरा पडतो: 'आमच्याकडे होत नाही'. तक्रार बंद, बग (सॉफ्टवेअरमधली चूक) जागच्या जागी.

म्हणून तुमच्याकडे झालेला घोटाळा त्यांच्याकडेही घडवून आणता यावा, एवढ्यासाठीच तक्रार लिहायची.

गडबड झाली की आधी हात थांबवा. लगेच रीस्टार्ट केलंत तर पुरावाच जातो. स्क्रीनशॉट घ्या, विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबायची. एरर मेसेज कोड नंबरासकट जसाच्या तसा उतरवा, कारण डेव्हलपर नेमके तेच शब्द कोडमध्ये शोधतो. घड्याळात किती वाजलेत तेही टिपा. सर्व्हरच्या लॉगमधल्या ढीगभर नोंदींतून तुमची नोंद वेळेवरूनच सापडते.

मग तेच पुन्हा करून बघा. (पैसे भरण्याच्या पानावर मात्र नको, दोनदा कापले जातील.) दर वेळी एकच गोष्ट बदला: दुसरा ब्राउझर, वाय-फायऐवजी मोबाइल डेटा, इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी) विंडो. इनकॉग्निटोत नीट चाललं, तर संशय एखाद्या एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामवर) किंवा साठलेल्या कुकीजवर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या माहितीवर) जातो. हेही तक्रारीत लिहा.

एका बाईंनी आम्हाला कळवलं होतं: 'पत्ता टाइप केला तर सेव्ह होतो, मेसेजमधून कॉपी करून पेस्ट केला तर पुसला जातो.' बग त्याच दिवशी सापडला. पेस्ट केलेल्या पत्त्याच्या शेवटी, डोळ्यांना न दिसणारं, नव्या ओळीचं चिन्ह येत होतं. टेस्ट करताना आम्ही सगळे पत्ता टाइपच करत होतो. त्या बाईंना कोडिंगचं काही माहीत असण्याची गरज पडली नाही.

तुम्ही किती भराभर टाइप करता, यानेही फरक पडतो. थेराक-२५ या रेडिएशन देणाऱ्या मशीनने १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे दोन रुग्णांना प्रचंड जादा डोस दिला, दोघेही दगावले. स्क्रीनवर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढंच आलं होतं. पहिल्या अपघातानंतर कंपनीच्या इंजिनिअरांना तो प्रकार घडवून आणता आला नाही. दुसऱ्यानंतर तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि मशीनची ऑपरेटर यांनी चिकाटीने शोधून काढलं, की भरलेली माहिती सुमारे ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केली तरच घोळ होतो. ऑपरेटरचा हात सरावाने भराभर चालायचा. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या टेस्टरला सांगते.

तक्रार लिहिताना भाषा साधी ठेवा: 'प्रोफाइल उघडलं. पत्ता पेस्ट केला. सेव्ह दाबलं. पत्ता दिसायला हवा होता, रकाना रिकामा झाला. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं.' खाली फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसचं व्हर्जन आणि ॲपचं व्हर्जन. एका तक्रारीत एकच बग; दोन लिहिलेत तर एक दुरुस्त होतो आणि तक्रार बंद होते. शब्दांत पकडता येत नसेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. अँड्रॉइड ११ पासून ती सोय फोनमध्येच आहे. पाठवण्याआधी ओटीपी, खाते क्रमांक, इतरांचे मेसेज झाकून टाका.

तक्रार क्रमांक जपून ठेवा. तरीही 'आमच्याकडे होत नाही' असं उत्तर आलंच, तर नवी तक्रार करू नका. त्याच क्रमांकावर विचारा: कोणत्या फोनवर, कोणत्या व्हर्जनवर पाहिलंत, आणि मी लिहिलेल्या क्रमानेच केलंत का?