मजले कसले मोजताय, मीटर मोजा! बेळगावात घर बांधताना या चुका टाळा

नकाशा मंजूर झाला की आमची माणसं तो कपाटात कुलूपबंद करतात आणि बांधकाम गवंड्याच्या तोंडी हिशेबावर सोडतात. डोक्यात एवढंच, "जी प्लस टू मिळालंय", म्हणजे तळमजला आणि वर दोन. उंची मीटरमध्ये मंजूर होते, हे सांगून माझी जीभ झिजली.

वडगावातल्या एका विणकराचं घर. खाली माग, वर राहणं. नकाशात जोतं 45 सेंटिमीटर आणि 3 मीटरचे तीन मजले, म्हणजे 9.45 मीटर. गल्लीतलं पावसाचं पाणी आत येतं म्हणून जोतं 90 सेंटिमीटर केलं. मागाला हवा पाहिजे म्हणून तळमजला 4 मीटर झाला. थोरल्या लेकाला फॉल्स सीलिंग हवं, म्हणून वरचे दोन मजले 3.20 चे. मी दुसऱ्या साइटवर अडकलो होतो, चूक माझीही. टेप लावली तर 11.30.

"मजले तीनच हायत की हो, साहेब!" मालक म्हणाले.

तीनच. पण उंची वाढली की चहूबाजूंनी जास्त जागा सोडावी लागते, आणि ती जागा भिंतींनी कधीच गिळली होती. कर्नाटक महानगरपालिका कायदा 1976, कलम 321 खाली नोटीस आली. अर्ज-विनंत्या झाल्या, शेवटी वरचा मजला उतरवला. ज्या स्लॅबला पेढे वाटले, त्याच स्लॅबला ब्रेकर लावला.

तेव्हापासून जिन्याच्या भिंतीवर मी लाल रंगानं जोतं धरून उंचीची बेरीज लिहितो. ती नकाशाशी जुळल्याशिवाय स्लॅबच्या सेंट्रिंगला हात लावू देत नाही. मिस्त्री वैतागतात. वैतागू देत.

गच्चीवरची 'हेडरूम' हा दुसरा लाडका प्रकार. जिन्याचं डोकं उंचीत धरत नाहीत, खरं आहे. पण त्याला मोरी, खिडकी आणि भाडेकरू लागला की ती हेडरूम राहत नाही.

सांब्र्याच्या विमानतळाच्या बाजूला प्लॉट असेल तर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो का, ते पाया खणण्याआधी बघा. त्या दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. एका उत्साही पोरानं मला फोन केला, "सर, 780 मीटर मिळाले!" बाबा रे, विमानतळच साधारण 758 मीटरवर आहे. त्या पोराच्या प्लॉटची पातळी वजा केल्यावर हाती 20 उरले. आणि ही पातळी मोबाईलच्या ॲपमध्ये बघून भरू नका. सर्व्हेअरला दोन पैसे द्या.

चंदगडच्या मेहुण्याचे नियम चंदगडात. महाराष्ट्राची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली सीमेवरच्या शिनोळीपर्यंत. शिनोळीच्या अलीकडे, बेळगावच्या बाजूला, कर्नाटकाचा 1961 चा नगररचना कायदा आणि इथले झोनल रेग्युलेशन.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत बोर्डाला विचारा, महापालिकेला नव्हे.

"आधी बांधू, मग अक्रम-सक्रममध्ये दंड भरू" म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. दंड घेऊन बेकायदा बांधकाम नियमित करायच्या कर्नाटक सरकारच्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या जानेवारीत स्थगिती दिली, आणि त्या भरवशावर स्लॅब टाकणारे अजून भेटतात.

मंजुरीच्या कागदावरच्या कानडी अटी वाचता येत नसतील तर शेजारच्या कॉलेजच्या पोराला बसवून वाचून घ्या. सही केल्यावर नाही, करायच्या आधी.