फळबागेची वकिली करायचीय? या चुका टाळा

नव्यानं सनद घेतलेली मुलं विचारतात, 'सर, दिवाणी करू की फौजदारी?' मी म्हणतो, सोलापूर जिल्ह्यात डाळिंब, द्राक्ष, केळी यांचेच इतके तंटे आहेत की बाग कळणारा वकील कमी पडतो. मात्र या कामात प्रकरण बिघडतं ते कोर्टात नव्हे, त्याआधीच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बाग न पाहता कागदावर प्रकरण घेणं. सुरुवातीला मीही ती केली. 'भगवा' म्हणून घेतलेल्या डाळिंबाच्या रोपांना भलतंच फळ लागलं होतं. मी बिलं वाचली, नोटीस पाठवली आणि उत्तराची वाट पाहत बसलो. तोवर अशिलानं वैतागून बाग उपटली आणि मका पेरला. दाखवायला एक झाड उरलं नाही. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून अशील आला की त्याच आठवड्यात बांधावर जा. कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. पाहणीची आगाऊ सूचना रोपवाटिकेला द्या, नाहीतर 'आमच्या माघारी पंचनामा झाला' हा बचाव ठरलेला. गट नंबर, झाडांची संख्या, सातबाऱ्यावरची पीकनोंद जुळवा. रोपवाटिकेचा परवाना बघा. तेल्याचा वाद असेल तर जास्त जपा. हा जिवाणूजन्य रोग रोपांबरोबर आला की शेजारच्या बागेतून पावसाच्या शिंतोड्यांनी, हाच उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचं मत लेखी मिळवण्याचा प्रयत्न करा.

मुदतीतही अनेकजण फसतात. ग्राहक आयोगात जायला २ वर्षं. डाळिंबाचा पहिला बहार धरेपर्यंतच तेवढा काळ जातो, आणि समोरचा वकील मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतो. दोष कधी दिसला ती तारीख तक्रारीत ठळक लिहा, आणि उशीर झालाच असेल तर माफीचा अर्ज सोबत जोडा. शेतकरी ग्राहक आहे का, यावर मात्र घाबरू नका. बियाण्यांच्या प्रकरणात नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो ग्राहक असल्याचं मान्य केलंय.

विम्यात वेगळीच गल्लत होते. हवामान आधारित फळपीक विम्यात झडलेल्या फुलांचे फोटो लावून भागत नाही. भरपाई ठरते हवामान केंद्राच्या नोंदींवर. त्या नोंदी मागवा. गारपिटीचं संरक्षण घेतलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत गेली होती का, हे आधी विचारा.

राहिला बागेचा सौदा. विसार घेऊन तोंडी व्यवहार होतो, व्यापारी अर्धा माल तोडतो आणि भाव पडला की फिरकत नाही. किलोचा दर, तोडणीची तारीख, डागी मालाचं काय, एवढं तरी साध्या कागदावर सही घेऊन लिहायला अशिलाला शिकवा. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. शेतकरी आधी व्यापाऱ्याच्या मागे हिंडतो. तुमच्याकडे येतो तेव्हा ते ३० दिवस सरत आलेले असतात. नोटीस त्याच संध्याकाळी लिहा.