नव्या रूपातली जुनी छोटी गाडी: ट्रायल हायवेवर नको, गल्लीत घ्या

लायसन्स खिशात, विमा चालू, टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. एवढं तुम्ही करणारच, त्यावर शब्द घालवत नाही.

आपल्या बेळगावात मिनीसारखी गाडी विकत घ्यायची म्हणून ट्रायलला बसणार असाल, तर त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. नवी मिनी म्हणजे जुनी मिनी नव्हे. १९५९ सालची मिनी जेमतेम तीन मीटर लांब आणि १.४१ मीटर रुंद होती, चाकं दहा इंची, सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू. २००१ पासून बीएमडब्ल्यूनं काढलेली मिनी वाढत वाढत आज ३.८ मीटरच्या पुढे गेली आहे आणि रुंदी १.७ मीटरच्या वर आहे. फियाट ५०० चं तर इंजिनच मागून पुढे आलं. १९५७ ची मागच्या इंजिनाची, २००७ ची पुढच्या. फोक्सवॅगन बीटलचंही तेच. चेहरा तोच ठेवून आतली गाडी पूर्ण वेगळी केलेली असते, म्हणून जुन्या फोटोंवरचं प्रेम ट्रायलच्या वेळी घरी ठेवा.

पहिलं काम: गाडीत चार माणसं भरा. आई-वडील, बायको, शेजारी, कोणीही चालेल, पण चार हवीत. डिकीत पाण्याचा वीस लिटरचा कॅन ठेवा. एकट्यानं घेतलेल्या ट्रायलला माझ्या लेखी काही किंमत नाही.

दुसरं: हायवेवर वेळ घालवू नका. एजंट हमखास म्हणणार, "साहेब, हायवेला घेऊया की, तिथं पिकअप कळतंय बघा." आताच्या मिनी कूपर एसला दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, दोनशेच्या वर अश्वशक्ती आहे. पिकअप असणारच, तो तपासायला वंटमुरी घाट चढायची गरज नाही. हायवेवर दहा मिनिटं पुरेत: ऐंशीच्या वेगात स्टीअरिंग सरळ राहतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. झालं.

आता ब्रेकर. इथंच मी चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी मेहुण्यासाठी अशीच एक गाडी बघायला गेलो. मी आणि एजंट दोघंच. काकतीकडून हायवेला लागलो, हलग्याला सुवर्ण विधानसौधाच्या पुढं जाऊन वळलो, परत आलो. गाडी लोण्यासारखी चालली. मेहुण्याला म्हटलं, डोळे झाकून घे. पुढच्या रविवारी चौघं खानापूरकडे लग्नाला निघाली. वाटेत गावाच्या वेशीवरच्या ब्रेकरवर पोटातून करकर आवाज आला. मागून बहिणीचे सासरे ओरडले, "थांबव, थांबव, खालनं घासायलंय!" इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर अर्धं फाटून रस्त्यावर लोळत होतं. सुतळीनं बांधून त्यांनी गाडी घरी आणली. मेहुणा मला एका शब्दानं बोलला नाही, पण त्याच्या अंगणात ती सुतळी बघून मला फार वाईट वाटलं. माझ्या शब्दावर त्यानं पैसे मोजले होते.

असं का होतं ते समजून घ्या. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच असतो. मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर आहे, त्यामुळं मापाच्या ब्रेकरवर पूर्ण गाडीच चढते आणि पूर्ण गाडीच उतरते. आपल्याकडे सुळगा, उचगाव, बाचीच्या रस्त्यावर किंवा कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी जे ब्रेकर लोकांनी स्वतः घातलेत, ते हात-दीड हात रुंद आणि चांगले उंच असतात. पुढची चाकं उतरली, मागची अजून चढायची आहेत आणि मधलं पोट बरोबर ब्रेकरच्या माथ्यावर. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं बसली की तो कमी होतो, किती ते त्या गाडीच्या स्प्रिंगांवर ठरतं.

म्हणून मी कणीक घेऊन जातो. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची आणि चार बोटं उंचीचे तीन गोळे करायचे. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट ब्रेकर निवडा, मागंपुढं रहदारी नाही हे बघा. दोन्ही चाकांच्या मधल्या भागात माथ्यावर तीन गोळे ठेवा: एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. एका माणसाला बाजूला उभं करून गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरळ पलीकडे न्या, मग उतरून गोळे बघा. चारही बोटं शाबूत असतील तर उत्तम. दोन बोटं उरली तरी मी गाडी पास करतो. त्याहून कमी उरलं, तर ती गाडी या भागात घेऊ नका, मग ती कितीही देखणी असो. दोन बोटं एवढ्यासाठी की पावसाळ्यात ब्रेकरच्या दोन्ही अंगांचं डांबर धुऊन जातं, चाकं खड्ड्यात उतरतात आणि तोच ब्रेकर तेवढा उंच होतो. यानंतर नवे गोळे ठेवून एकदा ताशी वीसच्या वेगानं जा. अंधारात न दिसलेला ब्रेकर असाच लागतो आणि उतरताना स्प्रिंग दबतात.

"ब्रेकर तिरका काढा, घासत नाही," असा सल्ला सगळे देतात. ट्रायलमध्ये तो ऐकू नका. ऊस हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की तिरकं जायला जागाच उरत नाही. गाडी सरळ जाते का, तेच बघायचं.

तिथून थेट स्वतःच्या दारात या. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांपुढं गटारावरची फरशी आणि लगेच उंच उतार असतो. तिथं पोट नाही, पुढचा बंपर लागतो. गाडी आत घाला, बाहेर काढा, दोन्ही वेळा खाली वाकून बघा.

टायर. मिनीला बहुतेक रन-फ्लॅट टायर येतात आणि स्टेपनी नसते. हवा गेली तरी ते ताशी ऐंशीच्या आतल्या वेगानं साधारण ऐंशी किलोमीटर जातात, पण त्यांच्या भिंती कडक असल्यानं टिळकवाडीच्या रेल्वे गेटचे रूळ पाठीला कळतात. म्हणून गेटवरून जाताना मागच्या सीटवर स्वतः बसा. जुनी गाडी असेल तर टायरच्या बाजूवर रन-फ्लॅटची खूण शोधा. आधीच्या मालकानं साधे टायर बसवले असले तर गाडी मऊ चालेल, पण तुमच्याकडे स्टेपनीही नाही आणि रन-फ्लॅटही नाही. चोर्ला घाटात रात्री पंक्चर झाल्यावर काय करणार, हे आधी ठरवा. रिम लहान आणि टायर जाड मिळत असेल तर तेच घ्या. अठरा इंची रिम फोटोपुरती.

ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर खडे बाजारात गर्दीच्या वेळी पाच मिनिटं सरपटत चालवा. सुटताना किंचित हिसका चालतो. धक्का बसत असेल किंवा थरथर जाणवत असेल, तर सौदा तिथंच थांबवा. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागं येते का, तेही याच फेरीत बघून घ्या. एसी, काचा, मधला गोल पडदा उन्हात वाचता येतो का, हे सिग्नलला थांबल्या थांबल्या होतं.

शेवटी गाडी उद्यमबागेतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. कव्हरचे स्क्रू एकसारखे आहेत का, कडांवर ओरखडे आहेत का, ते हात फिरवून बघा. धूळ बसलेला जुना ओरखडा सोडून द्या. चकचकीत ताजा ओरखडा दिसला, तर मालकाला सरळ विचारा की गाडी कुठल्या ब्रेकरवर घासली आणि तेव्हा आत किती माणसं होती.