सप्ताह लाइव्ह दाखवताय? या चुका टाळा

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहातलं चोवीस तासांचं अखंड भजन असो की फोंड्याकडच्या जत्रेतलं नाटक, मुंबईतले आणि आखातातले गोमंतकीय ते फोनवर बघायला बसतात. प्रेक्षक वाढले आणि चित्र अडकलं की पहिला सल्ला येतो, मोठा सर्व्हर घ्या. पैसे घालवण्याआधी प्लेलिस्ट तपासा.

थेट प्रक्षेपणात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे होतात (एचएलएस या प्रक्षेपण पद्धतीसाठी अ‍ॅपल 6 सेकंद सुचवतं). कुठले तुकडे घ्यायचे ते प्लेलिस्ट नावाची छोटी मजकूर फाइल सांगते आणि प्लेअर ती सारखी मागत राहतो. हे सगळं सीडीएनच्या (ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) प्रेक्षकाजवळच्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून जातं. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते; एवढ्यांना एका जागेहून पुरवठा होणं शक्यच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तुकडे आणि प्लेलिस्ट यांना कॅशमध्ये राहण्याची एकच मुदत देणं. तयार झालेला तुकडा पुन्हा बदलत नाही, तो खुशाल तासन्‌तास राहू दे. प्लेलिस्ट मात्र दर तुकड्याला बदलते. ती मिनिटभर जुनीच मिळत राहिली तर सगळ्यांचं भजन थांबतं आणि इकडे व्हिडिओ तयार करून पाठवणारा एन्कोडर अगदी ठणठणीत दिसतो. अशा वेळी प्लेलिस्ट ब्राउझरमध्ये उघडा, मीडिया सीक्वेन्सचा आकडा (यादीतल्या पहिल्या तुकड्याचा क्रमांक) बघा, दहा-बारा सेकंदांनी रिफ्रेश करा. मूळ सर्व्हरवर आकडा पुढे सरकतोय आणि सीडीएनवर जागचा हलत नाही, म्हणजे चोर सापडला. प्लेलिस्टची मुदत एक-दोन सेकंदांवर आणा.

तुकडा अपलोड होण्याआधीच त्याचं नाव प्लेलिस्टच्या यादीत गेलं तर प्लेअरला 404 (फाइल सापडली नाही) मिळतो. काही सीडीएन तो 404 सुद्धा कॅश करतात, मग तुकडा पोचल्यावरही लोकांना तो दिसत नाही. आधी तुकडा, मग यादी, हा क्रम मोडू नका.

चोवीस तासांच्या भजनात आणखी एक घोळ होतो. मागे जाऊन बघता यावं म्हणून सगळे तुकडे यादीत ठेवतात. 6 सेकंदांच्या हिशोबाने शेवटी 14,400 नोंदी होतात, आणि ती फुगलेली फाइल प्रत्येक फोन दर काही सेकंदांनी नव्याने उतरवतो. लाइव्हच्या यादीत शेवटची काही मिनिटंच ठेवा. पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक वेगळी द्या.

स्ट्रीम तुटल्यावर सगळे प्लेअर एकाच क्षणी पुन्हा धडकले तर सावरत आलेला सर्व्हर परत बसतो. प्रत्येक प्रयत्नागणिक थांबण्याचा वेळ वाढवा आणि त्यात थोडा रँडमपणा घाला. दर्जा बदलताना चित्र उडी मारत असेल तर सगळ्या दर्जांचे कीफ्रेम (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेम) एकाच जागी आहेत का ते बघा.

आणि जत्रेच्या जागेवरून अपलोडसाठी निव्वळ मोबाइल डेटावर विसंबू नका. गर्दी जमली की टॉवरवर ताण येतो. फायबर लाइन घ्या, मोबाइल राखीव ठेवा, आणि फायबर काढून मोबाइलवर स्ट्रीम खरंच चालू राहते का ते आदल्या दिवशीच करून बघा.